सातवं पुट

मुचकुंदीच्या खाडीकाठून,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि वहीच्या पानांचे फोटो मिळाले. फोनवर अक्षर बारीक दिसत होतं, म्हणून शेजारच्या मुलाकडून मोठं करून घेतलं आणि दोनदा वाचलं. तीन महिने रोज रात्री न चुकता लिहायचं हे सोपं नाही. चौथीत शुद्धलेखनाची एक ओळही तू कधी सोडली नाहीस, ते आठवलं.

"बस चुकली. शिकवण: संयम." "घरमालकिणीने डबा दिला. शिकवण: कृतज्ञता." "बाबांशी फोनवर भांडण. शिकवण: क्षमा." अशी पानांमागून पानं, आणि शेवटी तुझा प्रश्न: 'बाई, रोजच्या जगण्यातच अध्यात्म असतं असं तुम्ही सांगायचात. मी रोज शोधते, रोज लिहिते, पण आत काही उतरत नाही. माझं काय चुकतंय?'

मला वाटतं, तुझी घाई होते आहे.

सध्या इथे आंब्याची काढणी चालू आहे. सकाळी बागांमधून झेल्यांचे, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्यांचे, आवाज येतात. हापूस झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. चौदा आणे तयार झाला की उतरवतात. आणे व्यवहारातून जायला लागले ते १९५७ साली, आंबा मात्र आपल्याकडे अजून आण्यांतच मोजतात. देठाजवळ खळगा पडला, दोन्ही खांदे वर आले, की जाणता माणूस झेला लावतो. आणि एखादा कोवळाच हाती आला तर? त्याला अढीत कितीही पेंढा घाल, कितीही ऊब दे, तो सुरकुततो आणि आंबटच राहतो.

तुझी ती क्षमा मला तशी वाटली. भांडण संध्याकाळी झालं आणि झोपायच्या आत तू ते खुडून वहीत ठेवलंस. त्यानंतर बाबांना फोन केलास का? पुढच्या अकरा पानांत मी शोधलं. बाबांचा उल्लेख कुठे नाही.

हे मी रागावून लिहीत नाही. मी स्वतः हेच केलं आहे.

लग्न होऊन आले तेव्हा आमच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन मोठी झाडं होती. सासूबाईंची आमसुलं गावात नावाजलेली. रातांबा हाताने फोडायचा, बिया-गर वेगळा करायचा, त्या रसात जाडं मीठ घालायचं, सालं रात्रभर त्यात मुरवायची आणि दिवसा हातरीवर उन्हात पसरायची. संध्याकाळी पुन्हा त्याच रसात. असं प्रत्येक बुडवणं म्हणजे एक पुट. सासूबाई सात पुटं द्यायच्या. पहिल्या दोन पुटांत साल नुसतं ओलं होतं आणि वाळतं, फरक काही दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्याला रंग गडद होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं. तिथेच फसायला होतं. सालाच्या पोटात ओल असते.

माझ्या दुसऱ्या वर्षी सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मे महिन्याची अखेर, आकाश भरून आलेलं, वळीव कधीही येईल अशी हवा. चौथ्या पुटाला मी हात लावून बघितलं, कोरडं वाटलं, बरण्या भरून तोंडाला फडक्याचे दादरे बांधून मोकळी झाले. श्रावणात पहिली बरणी उघडली तर पांढरी बुरशी. दुसरीत तेच. वर्षाची बेगमी परसात पुरावी लागली. सासूबाईंनी बरणीत डोकावून बघितलं आणि बरणी धुवायला घेतली. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र सातही दिवस मला शेजारी बसवलं, आणि रोज संध्याकाळी एक साल माझ्या हातात द्यायच्या. 'दाब,' एवढंच म्हणायच्या. सातव्या दिवशी माझ्या बोटांना कळलं. काय कळलं ते मी तुला आजही शब्दांत सांगू शकणार नाही, पण त्यानंतर माझी आमसुलं कधी बिघडली नाहीत.

मी ज्याला अध्यात्म म्हणायची, ते हे बोटांना कळणं. वर्गात नीट सांगता आलं नसेल.

आपल्याकडे पाऊस किती पडतो ते तू जाणतेसच, तरी वैशाखात सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, विहिरी तळ गाठतात. जांभ्या दगडात पाणी ठरत नाही. रोज एक शिकवण ओतत राहिलीस म्हणून ती आत साठेलच असं नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी मी फार कुणाला सांगितलेली नाही.

आमचे हे भरतीची वेळ तोंडी सांगायचे. हिशेब तुझ्याही आजोबांना येत असणार: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे बेताचीच भरती. होडीवाले, कालवं काढायला जाणाऱ्या बायका, सगळे येता-जाता यांना विचारायचे. मला त्यात कधी रस नव्हता. मी शिक्षिका, माझं लक्ष घड्याळाकडे.

हे गेले, त्यानंतरचे दिवस मला कसे गेले ते लिहीत नाही. लोक भेटायला यायचे आणि प्रत्येक जण काहीतरी अर्थ हातात ठेवून जायचा. देवाची इच्छा. सुटले बिचारे. तुम्ही आता नामात मन रमवा. सगळे प्रेमाने बोलायचे. मीही वही केली होती, तुझ्यासारखीच. या दुःखातून मी काय शिकले, असं वर लिहून खाली आकडे घातले होते. एक ते दहा. दहाही ओळी भरल्या आणि त्यातली एकही मला रात्री उपयोगी पडली नाही.

दोन वर्षांनी केव्हातरी मी अंगणात सुपारी कातरत होते. बांधावरून एका पोराने हाक मारली, 'बाई, आज भरती कधी?' हातातला अडकित्ता न थांबवता मी म्हटलं, 'पंचमी ना? पावणेचारला.' पोरगा गेला. मग माझा हात थांबला. मी हे कधी शिकले होते? यांनी मला शिकवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. तीस वर्षं कानावरून गेलेलं आत कुठेतरी मुरलं होतं, आणि माझ्या तोंडून ते त्यांच्याच सुरात बाहेर पडलं होतं.

त्या दिवशी मी पोटभर रडले आणि नंतर खूप दिवसांनी चवीने जेवले. याची शिकवण मी लिहिली नाही. देवराईतून वाळकी काटकीसुद्धा घरी चुलीला आणायची नाही, हे लहानपणापासून आपल्यावर बिंबवलेलं असतं. काही अनुभव तसे असतात. तिथे जायचं, उभं राहायचं, हात जोडून परत यायचं.

तू विचारलंस, उत्तरेत एखाद्या आश्रमात जाऊन राहू का. जावंसं वाटत असेल तर जा, मी अडवणार नाही. पण आपल्या शेजारचं पावस आठव. स्वामी स्वरूपानंद १९०३ साली पावसला जन्मले, आणि १९७४ साली देह ठेवीपर्यंतची जवळजवळ चाळीस वर्षं पावसलाच एका घरात राहिले. सोऽहम् ही त्यांची साधना, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाशी राहणं. श्वास तर पुण्याच्या बसमध्येही चालू असतो.

वही बंद करू नकोस. फक्त 'शिकवण' हा शब्द सहा महिने लिहू नकोस. बस चुकली तर ती कशी चुकली ते लिही. स्टॉपवर कोण होतं, ऊन कुठून येत होतं, तुला नक्की कशाचा राग आला. डबा आला तर त्यात काय होतं ते लिही, आणि डबा रिकामा परत देऊ नकोस. रोज एक काम असं धर, की जे करताना फोन दुसऱ्या खोलीत असेल. भांडी घास, तांदूळ निवड, काहीही. त्यातून काय मिळालं हे स्वतःला विचारू नकोस.

आणि ते भांडणाचं पान. ते अजून अढीत घालण्याजोगं नाही, झाडावरच राहू दे. परवा बाबा तरीवर भेटले. मी तुझं काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, परसातला रातांबा यंदा वाकलाय, एकट्याने उरकणार नाही.

मे महिन्यात ये. चार दिवसांची रजा काढून येऊ नकोस, त्यात आमसुलं होत नाहीत. सात दिवस पूर्ण काढ. जाडं मीठ मी आणून ठेवते, हातरी बाबांकडे असेल.

तुझ्या,
बाई