सांत इन्यात्सिओच्या छताखाली नेमकं कुठं उभं राहायचं?

प्रश्न : आम्ही लवकरच रोमला जाणार आहोत. सांत इन्यात्सिओ चर्चच्या छताचे फोटो खूप पाहिले, पण तिथल्या आरशापुढे लांबलचक रांग असते असं कळलं. त्या रांगेत उभं राहावं का? आणि तिथला घुमट खोटा आहे म्हणजे काय?

उत्तर : ती रांग आरशात फोटो काढणाऱ्यांची असते. छत पाहायला आरसा लागतच नाही. उलट आरशात डावं-उजवं बदलतं आणि चित्र ज्या जागेवरून पाहण्यासाठी काढलं आहे ती जागाही हुकते. आत गेलात की रांगेकडे वळू नका. मधल्या दालनाच्या जमिनीत संगमरवराची एक गोल तबकडी बसवलेली आहे, ती शोधा, तिच्यावर उभे राहा आणि मग मान वर करा.

वर आहे ते साधं कमानदार छत. आंद्रेआ पोत्सो या चित्रकाराने १६९४मध्ये ते रंगवून पूर्ण केलं. तो स्वतः जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला बंधू (पाद्री नसलेला सदस्य) होता. तबकडीवरून पाहिलं तर भिंतीचे खरे खांब कुठं संपतात आणि रंगवलेले कुठं सुरू होतात ते सांगता येत नाही. चर्चवर आणखी एक मजला चढवला आहे आणि त्याच्या वर मोकळं आकाश आहे, असंच वाटतं.

हे साधण्याची रीत पोत्सोने पर्स्पेक्टिव्हवरच्या (सपाट चित्रात खोली भासवण्याच्या तंत्रावरच्या) आपल्या ग्रंथात दिली आहे. त्याचा पहिला खंड १६९३चा. आधी कागदावरच्या रेखाटनावर चौकोनांची जाळी आखायची. मग भिंत संपून छताची कमान जिथं सुरू होते त्या उंचीवर दोऱ्यांची तशीच जाळी ताणायची आणि खाली, पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या जागी, दिवा ठेवायचा. दोऱ्यांच्या सावल्या वक्र छतावर वाकड्या पडतात. त्या सावल्या गिरवायच्या आणि त्यांच्या आधाराने चित्र चौकोनाचौकोनाने वर उतरवायचं. अंतर जास्त असलं की सावली फिकी पडते. तेव्हा त्याच बिंदूपासून दोरी ताणून खुणा करायच्या. म्हणजे तबकडीवरून जो खांब सरळसोट दिसतो, तो छतावर प्रत्यक्षात वाकडाच रंगवलेला आहे. दहा पावलं बाजूला सरका, सगळे खांब एका अंगाला कलतील. हे अवश्य करून पाहा. पोत्सोची खरी करामत छत असं मोडताना पाहिल्यावरच कळते.

पुन्हा तबकडीवर या आणि मधला प्रकाशकिरण शोधा. तो ख्रिस्ताकडून निघून जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लॉयोलापर्यंत येतो आणि तिथून चार खंडांकडे फुटतो. खंड स्त्रीरूपात आहेत: आशिया उंटावर, आफ्रिका मगरीवर, अमेरिकेच्या डोक्यावर पिसं. आठपट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण जवळ असेल तर हे सगळं स्वच्छ दिसतं.

आता घुमट. चर्चचं बांधकाम १६२६मध्ये सुरू झालं, पण ठरलेला घुमट कधीच बांधला गेला नाही. ती मोकळी जागा पोत्सोने १६८५मध्ये सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवून भरली. हा कॅनव्हास सुमारे १७ मीटर रुंद आहे. इथं बहुतेकांची फसगत होते, कारण खरा घुमट आपण बरोबर त्याच्या खाली जाऊन पाहतो आणि सवयीने इथंही तेच करतो. खाली गेलात की घुमट तिरका होतो आणि त्याचा सपाटपणा उघडा पडतो. त्याच्यासाठी जमिनीवर वेगळी खूण आहे. पहिल्या तबकडीवरून वेदीकडे चालत गेलात की वाटेत ती लागते, तिथंच थांबा. चित्र काळपट आहे, त्यामुळे नजर सरावायला मिनिट-दोन मिनिटं द्या.

प्रश्न : अशा छतांचे माझे फोटो नेहमी तिरपे येतात आणि आकाश पांढरंफटक पडतं. उपाय काय?

उत्तर : फोन जमिनीला समांतर नसतो, म्हणून फोटो तिरपा येतो. कॅमेऱ्यात ग्रिड (पडद्यावरच्या आखीव रेषा) चालू करा. काही फोनमध्ये कॅमेरा सरळ वर धरला की अधिकची (+) दोन चिन्हं दिसतात. ती एकमेकांवर बसली की फोन समतल झाला. उभं राहायचं मात्र तबकडीवरच, नाहीतर फोन कितीही समतल धरला तरी खांब कलणारच. आकाश पांढरं पडतं कारण फोन अंधाऱ्या कोपऱ्यांकडे बघून उजेड वाढवतो. चित्रातल्या उजळ ढगावर बोट दाबून ठेवा, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा आणि थोडं खाली ओढा. फ्लॅश एवढ्या उंचीवर पोचत नाही आणि शेजारच्यांना त्रास होतो, तेव्हा तो बंदच ठेवा.

प्रश्न : तिकीट, कपडे, वेळा?

उत्तर : तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात एक ओढणी पिशवीत असली की काम भागतं. मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) चालू असताना दालनात फिरू नका, त्यामुळे रविवारची सकाळ टाळलेली बरी. रोममधली बरीच चर्च दुपारी काही तास बंद असतात, म्हणून जायच्या दिवशी वेळ तपासून निघा. चर्चमधले दिवे अनेक ठिकाणी नाणं टाकल्यावरच लागतात. एक आणि दोन युरोची सुटी नाणी खिशात ठेवा.

प्रश्न : त्याच दिवशी जवळपास आणखी काय पाहावं?

उत्तर : इल जेझू हे जेझुइटांचं चर्च, आणि तेही संध्याकाळी. चालत दहा मिनिटंही लागत नाहीत. तिथं डावीकडच्या बाजूदालनात लॉयोलाची समाधी आणि पोत्सोनेच रचलेली वेदी आहे. रोज साडेपाचच्या सुमारास संगीत आणि ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होतं, मग वेदीवरचं मोठं चित्र सावकाश खाली सरकतं आणि मागचा संताचा पुतळा दिसतो. वीस मिनिटं आधी जाऊन डाव्या बाजूची पुढची बाकं धरा. मूळ पुतळा चांदीचा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस नेपोलियनला द्यायच्या खंडणीपायी तो वितळवला गेला. उजवीकडच्या बाजूदालनात संत फ्रान्सिस झेवियरच्या हाताचा अवशेष आहे; त्याचा बराचसा देह गोव्यात, बॉम जेझूस बॅसिलिकात आहे.

इल जेझूचं छत गाउल्ली ऊर्फ बाचिच्चा या चित्रकाराने १६७६ ते १६७९ या काळात रंगवलं. त्याच्या आकृत्या सोनेरी चौकटीबाहेर सांडतात आणि सोनेरी नक्षीवर त्यांची सावलीही पडलेली दिसते. ती सावलीसुद्धा रंगवलेलीच आहे. पोत्सोच्या छतासारखी एकच जागा धरायची इथं गरज नाही, हिंडत पाहिलं तरी ते टिकतं.

प्रश्न : सोबत सत्तरीची आई आहे. मानेचा त्रास असल्याने तिला फार वेळ वर बघता येत नाही.

उत्तर : आरशाचा खरा उपयोग अशांनाच आहे. चर्च उघडतानाच पोचलात तर गर्दी कमी असते. तेही जमलं नाही तर त्यांना तबकडीवर उभं करा, फोनचा पुढचा कॅमेरा चालू करा आणि पडदा वर येईल असा फोन कमरेच्या उंचीवर आडवा धरा. मान थोडी झुकवून छत पडद्यावर पाहता येतं. बारकावे दाखवायचे असतील तर तिथंच फोटो काढा आणि बाकावर बसून मोठे करून दाखवा.