बायबलवर शंका घेणाऱ्या तरुणांशी कसं बोलावं?

ताई, सलाम. तुमच्या तरुण संघातली मुलं 'बायबल नंतर बदललं का, चार शुभवर्तमानं (येशूच्या जीवनावरची बायबलमधली चार पुस्तकं) जुळत का नाहीत' असं विचारतात आणि घरचे त्यांना 'शंका घेऊ नका, प्रार्थना करा' म्हणून गप्प करतात, असं तुम्ही लिहिलंय. सांगलीत मी अशाच मुलांबरोबर बसतो. कुणी विलिंग्डन कॉलेजात, कुणी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात. यूट्यूबवर त्यांनी हे सगळं आधीच ऐकलेलं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की अडचणीच्या जागा आपणच उघडून दाखवाव्यात, त्यांनी विचारायची वाट न बघता.

येशूच्या पुनरुत्थानाच्या, म्हणजे रिकाम्या कबरेच्या गोष्टीपासून सुरुवात करा. मत्तय 28, मार्क 16, लूक 24 आणि योहान 20 हे चार शुभवर्तमानांतले अध्याय चौघांना वाटून द्या. कबरेपाशी कोण गेलं, तिथे कोण दिसलं, एवढंच लिहून काढू दे. मत्तयात दोन मरीया, मार्कात सलोमेही, लूकात योहान्ना, योहानात एकटी मग्दालीया मरीया. देवदूत कुठे एक, कुठे दोन. मुलं अस्वस्थ होतात, होऊ द्या. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की योहानातली 'एकटी' मरीया येशूचा शिष्य पेत्र याला सांगताना 'आम्हांला' ठाऊक नाही असं म्हणते. चारही ठिकाणी आधी कबरेपाशी पोचतात त्या बायकाच, आणि त्या काळात बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. 2019च्या महापुराचं सांगलीच्या गावभागात चार घरांत विचारा, पाणी कधी शिरलं, बोट कुठून आली, यावर एकमत होणार नाही. पूर आला यावर होईल. पण हे उदाहरण ताणू नका. शुभवर्तमानं घटनेनंतर काही दशकांनी लिहिली गेली, हेही त्याच बैठकीत सांगा.

'बदललं का' याचं उत्तर पुराव्यानिशी देता येतं. मार्क 16 मधली 9 ते 20 ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. योहान 8 मधली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही त्यांत नाही. हे लपवू नका. उलट बाजूही दाखवा : 1947 पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी यशया या पुस्तकाची मोठी गुंडाळी तोवरच्या संपूर्ण हिब्रू हस्तलिखितांहून साधारण हजार वर्षं जुनी, आणि मजकूर बहुतांशी तोच, फरक बरेच, पण बहुतेक स्पेलिंगचे नि किरकोळ शब्दांचे. मात्र यावरून नकला काळजीपूर्वक झाल्या एवढंच कळतं. लिहिलेलं खरं आहे का, हा प्रश्न वेगळा. मुलं हे दोन प्रश्न एकात मिसळतात आणि शिकवणारेही. तेवढा घोळ सुटला तरी चर्चा निम्मी सोपी होते.

काही गाठी सुटत नाहीत. लूक 2 मध्ये येशूच्या जन्मावेळची नावनिशी (जनगणना) क्विरीनिया या रोमी अधिकाऱ्याच्या काळातली. तो इ.स. 6 मध्ये सूरियाचा (सीरियाचा) सुभेदार झाला. ज्याच्या काळात येशू जन्मला असं मत्तय सांगतो तो हेरोद राजा मात्र बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पूर्व 4 मध्येच वारला. यावर खुलासे बरेच आहेत, सर्वमान्य एकही नाही. मुलांना अगदी असंच सांगा. ओढूनताणून दिलेला खुलासा इंजिनिअरिंगची पोरं लगेच ओळखतात, आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा भरवसा उडतो.

सुरू करण्याआधी पाळकसाहेबांच्या कानावर घाला, म्हणजे पालकांकडून अर्धवट काही त्यांच्यापर्यंत जाणार नाही. आणि ज्याचं समाधान होत नाही त्या मुलाकडून रविवारचं शास्त्रवाचन किंवा गिटार काढून घेऊ नका.