केबल आली की लोकशाही येते का?

प्रश्न : ज्या देशांचा बाहेरच्या जगाशी फोन-इंटरनेटचा संपर्क दांडगा, तिथे लोकशाहीही भक्कम दिसते, असं वाचलं. मग चांगलं नेटवर्क मिळालं की हुकूमशाही आपोआप ढिली पडते का?

उत्तर : आपोआप काहीच होत नाही. माझी उभी नोकरी टेलिकॉममध्ये गेली, त्यामुळे असे दावे दिसले की मी आधी विचारतो, केबल टाकली कोणी आणि कशासाठी? समुद्राखालची केबल व्यापाराच्या वाटेने जाते. सिंगापूर हे आशियातलं केबलचं मोठं जंक्शन. तिथे निवडणुका होतात, पण १९५९पासून सत्ता एकाच पक्षाकडे आहे.

इजिप्तचं बघा. युरोप आणि आशिया जोडणाऱ्या कितीतरी केबल त्या देशातून जातात. जानेवारी २०११मध्ये लोक तिथले राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा २७ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास सरकारने मोठ्या इंटरनेट कंपन्यांना सेवा बंद करायला लावली. केबलला कोणी हातही लावला नाही. कंपनीचे राउटर, म्हणजे डेटाला वाट दाखवणारी यंत्रं, बाहेरच्या जगाला सांगत असतात की ‘हे इंटरनेट-पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचा डेटा इकडे पाठवा’. ती घोषणा मागे घेतली, की खेळ खलास. इजिप्तचे बहुतेक पत्ते जगाला दिसेनासे झाले आणि युरोप-आशियाची वाहतूक त्याच भूमीतून बिनबोभाट चालू राहिली! लँडलाइन मात्र जिवंत होती. काहींनी जुने मोडेम काढून फ्रान्समधल्या नंबरवर डायल-अप केलं, म्हणजे फोनच्या तारेवरूनच नेट जोडलं. (मोडेमला मोडीत काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) २ फेब्रुवारीला नेट परत आलं आणि ११ला मुबारक गेले. नेट बंद करून खुर्ची काही वाचली नाही, पण नेटनेच ती घालवली असंही मी म्हणणार नाही; चौकात माणसं उभी होती.

प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाची परदेशाशी जोडणारी एकुलती एक केबल जानेवारी २०२२मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात तुटली. दुरुस्तीला सुमारे पाच आठवडे गेले. हाल झाले, पण तिथली लोकशाही काही तुटली नाही.

म्हणून केबल मोजण्यापेक्षा मी हे बघतो : बंदीचा आदेश लेखी निघतो का, आणि त्याला कोर्टात जाब विचारता येतो का? भारतात काश्मीरचं नेट ऑगस्ट २०१९मध्ये बंद झालं. असे आदेश प्रसिद्ध करा, बेमुदत बंदी चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये बजावलं. तरी तिथे सगळीकडे फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं.