यादीतलं पहिलं नाव लिहिण्याआधी कॉलेज बघून या

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीची सीईटी झाली आहे, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर की इलेक्ट्रॉनिक्स हे घोळतंय, आणि कोल्हापूरची चार कॉलेजं मनात आहेत. तिच्या बाबांचं म्हणणं, वेबसाइटवर सगळं दिसतं, गारगोटीहून हेलपाटा कशाला? तुम्हाला जाऊन यावंसं वाटतं, पण ‘आम्ही दोघंही कॉलेजची पायरी चढलेलो नाही, गेटवर अडवलं तर काय बोलायचं’ अशी धाकधूक आहे.

जाच. गेटवर ‘ॲडमिशनची चौकशी करायची आहे’ एवढं मराठीत सांगितलं की पुरे. या दिवसांत तिथं रोज असेच पालक येत असतात. आणि संकोच तर अजिबात नको. शाहू महाराजांनी 1901 पासून या गावात वसतिगृहं उभी केली ती घरात शिक्षणाचा गंध नसलेल्या मुलांना शिकता यावं म्हणूनच. तुमच्या लेकीचा या गावावर हक्क आहे, तो मनात धरून आत शिरा.

घाई एवढ्याचसाठी, की 2025-26 पासून कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा, नियम कडक झालाय. फॉर्ममध्ये आपण पसंतीच्या क्रमानं कॉलेजांची यादी भरतो. पहिल्या फेरीत त्या यादीतलं पहिलं नाव लागलं तर ती जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन नावांना लागू, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. यंदाची माहितीपुस्तिका आली की हे एकदा ताडून घ्या. शेजारच्याच्या भाच्यानं सांगितलं म्हणून पहिलं नाव लिहायचे दिवस आता राहिले नाहीत.

रविवारी जाऊ नका. तास चालू असतात अशा दिवशी, अकराच्या सुमाराला पोचा. इमारतीवर, बागेवर फार वेळ घालवू नका. शिवाजी विद्यापीठाचा परिसर आठशे एकरांहून मोठा आहे, बघून कुणीही हरखून जाईल. पण मुलीची चार वर्षं जाणार ती एका विभागात, दोन-चार खोल्यांत. त्या खोल्या बघायच्या.

मी स्वतः एका माहितीपत्रकातला प्रयोगशाळेचा फोटो बघून प्रवेश घेतला होता. फोटोतली यंत्रं खरोखर तिथं होती, पण प्लॅस्टिकच्या कव्हराखाली. वर्षभरात दोनदा कव्हर निघालं, दोन्ही वेळा तपासणीला पाहुणे येणार होते म्हणून. तेव्हापासून मी कुठल्याही लॅबमध्ये गेलो की आधी टेबलाची कड बघतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सोल्डरिंगचे काळे डाग, तुटक्या वायरींचे तुकडे, कुणाचं तरी अर्धवट जोडलेलं सर्किट दिसलं तर मला बरं वाटतं, तिथं पोरं काम करतात. सगळं चकचकीत असेल तर विचारा, ‘गेल्या आठवड्यात इथं कोणतं प्रॅक्टिकल झालं?’ ग्रंथालयातही तसंच. एखादं पुस्तक काढून मागच्या पानावरचे तारखांचे शिक्के बघा. शेवटचा शिक्का पाच वर्षांपूर्वीचा असेल आणि देवघेव अजून शिक्क्यांवरच चालत असेल, तर काय ते समजून जा.

खरी माहिती कँटीनमध्ये मिळते. इथं मात्र तुम्ही दोघं बाजूच्या टेबलावर बसा आणि लेकीला एकटीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलू द्या. सर तास घेतात का, जर्नल नुसतं उतरवून घेतात की प्रयोग होतो, होस्टेलचं पाणी, मेसचं जेवण, संध्याकाळी उशीर झाला तर यायची सोय, हे त्या मुली आपल्यासमोर मोकळेपणी सांगणार नाहीत. तिला सांगतील.

जुलैत जाताय तर पावसाला कंटाळू नका. होस्टेलच्या भिंतीची ओल आणि गळकी खोली याच दिवसांत दिसते. बस कॉलेजची असो की केएमटीची, स्टँडपासून कॉलेजपर्यंतचा वेळ एकदा घड्याळ लावून मोजा.

फीचं ऑफिसातच विचारा आणि आकडे लिहून घ्या. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. मेस, बस, होस्टेल त्यात येत नाही, आणि घराचं गणित तिथंच कोलमडतं. नोकऱ्यांबद्दल सांगताना ते सगळ्यात मोठं पॅकेज सांगतील. तुम्ही विचारा, या शाखेतून किती मुलं पास झाली, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, आणि पगार चढत्या क्रमानं लावले तर अगदी मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळतो?

एका दिवसात दोनच कॉलेजं करा. परतीच्या गाडीत आधी लेकीला बोलू द्या, बाबांनी मुदाळतिट्टा येईपर्यंत मत द्यायचं नाही असं घरातूनच ठरवून निघा. ती सांगेल ते तिथल्या तिथं वहीत लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजांची सरमिसळ होते. ती वही घेऊन फॉर्म भरायच्या आधी माझ्याकडे या, नावांचा क्रम आपण तिच्यासमोर बसून लावू.