जिप्सीत १.३ डिझेल इंजिन बसवताना गिअरबॉक्स पक्का कसा जोडायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: जिप्सी किंगचं पेट्रोल इंजिन काढून १.३ लिटरचं डिझेल (पहिल्या स्विफ्ट डीडीआयएसमधलं) बसवायचं आहे आणि गिअरबॉक्स जिप्सीचाच ठेवायचा आहे. मेकॅनिक म्हणतो, ‘मध्ये जोडणीची प्लेट कापून बोल्ट मारतो, काम झालं.’ हे टिकेल का?

नुसते बोल्ट मारून टिकणार नाही. बोल्ट फक्त आवळून धरतात. इंजिन आणि बॉक्स एका सरळ रेषेत ठेवायचं काम डॉवेल पिना (दोन्ही भागांच्या भोकांत घट्ट बसणाऱ्या खुंट्या) आणि पायलट बुश (क्रँकच्या टोकाला बसणारी, बॉक्सच्या शाफ्टच्या टोकाला आधार देणारी नळी) करतात. बोल्टाचं भोक बोल्टापेक्षा अर्धा-एक मिमी मोठं असतं, त्यामुळे बोल्टांच्या भरवशावर बसवलेला बॉक्स तेवढा कुठेही सरकलेला असू शकतो. क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टचा) आणि इनपुट शाफ्टचा (बॉक्समध्ये ताकद आणणाऱ्या शाफ्टचा) मध्य ०.३ मिमीने जरी चुकला, तरी क्लच प्लेटचा हब (मधला भाग) प्रत्येक फेऱ्याला एकदा वाकतो. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं, म्हणजे तासाला १ लाख ८० हजार वेळा. मग क्लच प्लेटच्या हबचे रिव्हेट सुटतात, पायलट बुश अंडाकृती होतो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडू लागतं, सील गळतं, लोड सोडला की गिअर आपोआप बाहेर पडतो. लोक बॉक्सला दोष देतात आणि दुसरा बॉक्स आणतात. महिन्याभरात तोही तसाच वाजतो.

आणखी एक गोष्ट पैसे घालण्याआधी ठरवा. जिप्सीच्या १.३ पेट्रोलचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, या डिझेलचा १९०. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साडेतीनच्या आसपास धरलं, तर बॉक्सच्या मागच्या शाफ्टवर आधी साधारण ३६० येत होते, आता ६६५ येतील. जोडणी कितीही अचूक केली तरी बॉक्सच्या आतले दात तेच राहतात. रस्त्यावर सांभाळून चालवणार असाल तर चालतं. चिखलात लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) टाकून क्लच झटक्यात सोडायची सवय असेल, तर जोराचा बॉक्स शोधणंच योग्य. इंजिन बदलायला मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी लागते, हेही लक्षात असू द्या.

आता मोजमाप. हे इंजिन मुळात आडवं बसणारं, पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीचं. अशा गाड्यांच्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट बहुधा बॉक्समध्येच दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, म्हणून क्रँकच्या टोकाला पायलट बुशची तयार जागा असतेच असं नाही. जिप्सीच्या बॉक्सचा शाफ्ट मात्र पुढच्या टोकाला आधार मागतो. बहुतेक बिघडलेली कामं या एका जागेवर बिघडतात, कारण प्लेट दिसते आणि बुश दिसत नाही.

डेप्थ व्हर्नियर (खोली मोजायचं साधन) घ्या आणि दोन मापं काढा. पहिलं, ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून क्रँकचं फ्लँज (फ्लायव्हील बसतं ते रुंद टोक) किती मागे येतं. दुसरं, बेल हाउसिंगच्या (बॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या भागाच्या) तोंडापासून शाफ्टचं टोक किती पुढे येतं. समजा फ्लँज १५ मिमी मागे आहे आणि टोक ५ मिमी पुढे. प्लेट नसती तर टोक फ्लँजच्या २० मिमी आत गेलं असतं. मध्ये २० मिमीची प्लेट घातली की टोक नेमकं फ्लँजच्या तोंडाशी थांबतं. बुशमध्ये शून्य. बाहेरून सगळं छान जुळलेलं दिसेल आणि आत शाफ्ट लोंबकळत असेल. (१५ आणि ५ हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा.)

यावर उपाय म्हणजे बुश होल्डर. फ्लँजच्या मधल्या भोकात घट्ट बसणारा आणि मागे तेवढाच बाहेर येणारा पायरीचा स्टीलचा तुकडा लेथवर करून घ्यायचा, त्यात बुश बसवायचा. शाफ्टचं टोक बुशमध्ये किमान १२ ते १५ मिमी जायला हवं आणि त्याच्या पुढे ३ मिमी मोकळी जागा उरायला हवी. बुश सिंटर्ड ब्राँझचा (भुकटी दाबून केलेल्या, बारीक छिद्रांच्या ब्राँझचा) असेल तर ठोकल्यावर तो आतून थोडा आवळतो, म्हणून शाफ्ट बसवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ०.०५ मिमीच्या आसपास ढील पुरेशी आहे. असा बुश बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवतात. ग्रीस लावू नका, बुशची बारीक छिद्रं बुजतात आणि तो कोरडा पडतो.

प्लेट २० मिमीची का म्हणतोय तेही सांगतो. एम१० च्या अ‍ॅलन बोल्टाचं डोकं १० मिमी उंच असतं. प्लेट इंजिनला आवळणारे बोल्ट प्लेटमध्ये बुडवायचे तर साडेदहा मिमीची खाच लागते आणि डोक्याखाली साडेनऊ मिमी धातू उरतो. गिअरबॉक्सचे बोल्ट त्याच प्लेटच्या आट्यांत बसतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टाच्या व्यासाच्या दुप्पट आटे मिळाले की निश्चिंती, ते इथे मिळतात. १२ मिमीची प्लेट केली तर दोन्ही गोष्टी अपुऱ्या पडतात. ६०६१ अ‍ॅल्युमिनियम घ्या, दोन्ही तोंडं मिलिंग करून ०.०५ मिमीच्या आत समांतर करून घ्या. गॅस कटरने कापलेली लोखंडी प्लेट उष्णतेने वाकते आणि ग्राइंडरने सपाट होत नाही. इंजिनचं आणि बॉक्सचं भोक अगदी शेजारी येत असेल तर मधली भिंत एका बोल्टाच्या व्यासाइतकी तरी ठेवा. जमत नसेल तर तो एक बोल्ट सोडून दुसरीकडे जागा शोधा.

आता सेंटर काढणं, म्हणजे या कामाचा जीव. कागदावर ठसा घेऊन डॉवेलची भोकं पाडू नका. आधी प्लेट इंजिनच्या डॉवेलवर पक्की बसवा. गिअरबॉक्सची केस बोल्टांनी नुसती हाताने लावून ढिली ठेवा. हाउसिंग बॉक्सपासून सुटत असेल तर एकटं हाउसिंग लावा. एकसंध असेल तर बॉक्स उघडून शाफ्ट काढलेली रिकामी केस वापरा. मेहनत वाढते, पण दुसरा सरळ मार्ग नाही. डायल गेजचा (काट्यावर मिमीचे बारीक भाग दाखवणाऱ्या मापकाचा) चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर चिकटवा, क्लच अजून बसवू नका. डायलचं टोक इनपुट शाफ्टच्या बेअरिंगच्या बोअरला (बेअरिंग बसतं त्या भोकाला) आतून लावा. ग्लो प्लग काढा म्हणजे कॉम्प्रेशन अडणार नाही, आणि पुढच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून क्रँक सावकाश फिरवा.

घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ या चार जागांवर आकडा लिहा. समोरासमोरच्या दोन आकड्यांतला फरक हा चुकीच्या दुप्पट असतो. ०.४० फरक दिसला तर केस ०.२० सरकवायची. डायल ज्या बाजूला सगळ्यात जास्त दाबला जातो, त्या बाजूची कड क्रँकच्या जवळ आली आहे, म्हणून केस त्याच बाजूकडे बाहेर सरकवायची. प्लास्टिकच्या हातोडीने हलकं ठोका, पुन्हा फिरवा, पुन्हा ठोका. पूर्ण फेऱ्यात काटा ०.१३ मिमीपेक्षा कमी हलला की थांबा. तोंडावरही डायल लावून केस तिरकी नाही ना हे बघा. मग बोल्ट आवळा, एकदा शेवटचं वाचन घ्या आणि त्याच स्थितीत केस आणि प्लेट यांच्यातून दोन डॉवेलची भोकं एकत्र ड्रिल करून रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) मारा. डॉवेल दोन, आणि एकमेकांपासून शक्य तितक्या दूर. अमेरिकन इंजिनांसाठी मध्यापासून ०.१८, ०.३६ आणि ०.५३ मिमी सरकवलेले तयार डॉवेल मिळतात. आपल्याकडे तसा डॉवेल टर्नरकडून करून घेता येतो, पण नवी प्लेटच करताय तर त्याची गरज पडू नये.

क्लच मिश्र लागेल: प्रेशर प्लेट आणि अस्तराचा व्यास फ्लायव्हीलप्रमाणे, हबचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचांत बसणारे दात) जिप्सीच्या शाफ्टप्रमाणे. हबमध्ये स्प्रिंगा हव्यातच. डिझेलचे झटके स्प्रिंगा गिळतात. त्या नसल्या तर आयडलिंगला बॉक्स खडखडतो आणि दात झिजतात. प्लेट घातल्याने शाफ्ट मागे गेला आहे, म्हणून हब स्प्लाइनवर पूर्ण लांबीने बसतो का ते हाताने सरकवून पाहा. फ्लायव्हील मागे आणायची वेळ आली तर मागे चकती घालून लांब बोल्ट लावण्यापेक्षा एकसंध स्टीलचं नवं फ्लायव्हील करून घ्यावं असं माझं मत आहे. जोड जितके कमी तितकी काळजी कमी. फ्लायव्हील एकटं बॅलन्स करा, मग प्रेशर प्लेटसह करा आणि दोन्हींवर खूण ठेवा.

स्टार्टर विसरू नका. आडव्या इंजिनांचा स्टार्टर बऱ्याचदा त्यांच्या मूळ बॉक्सच्या हाउसिंगवर असतो आणि तो बॉक्स तर तुम्ही टाकून दिला. त्याची जागा नव्या प्लेटवर काढावी लागते, म्हणून स्टार्टरची खोली आणि रिंग गिअरपासूनचं (फ्लायव्हीलच्या कडेच्या दातांपासूनचं) अंतर प्लेट कापण्याआधी ठरवा. पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) रिंगच्या दाताच्या पूर्ण रुंदीवर चढला पाहिजे आणि सुटल्यावर पूर्ण बाहेर आला पाहिजे.

चढवताना डमी शाफ्टने क्लच प्लेट मध्यावर धरा. दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते गाइड म्हणून लावा आणि बॉक्स जॅकवर सरळ पुढे सरकवा. हाउसिंग शेवटच्या मिमीपर्यंत हाताने बसलं पाहिजे. ५–६ मिमी फट राहिली आणि जात नसेल, तर ती बोल्टांनी ओढू नका. शाफ्ट कुठेतरी अडलेला असतो आणि ओढलं की हाउसिंगचा कान तडकतो किंवा हब वाकतो. बॉक्स मागे घ्या, क्लच प्लेटचं सेंटर पुन्हा बघा. आवळताना समोरासमोरचे बोल्ट, दोन-तीन फेऱ्यांत. ८.८ ग्रेडचे एम१० बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत ४० ते ४५ न्यूटन-मीटर, मध्यम ताकदीचं लॉकटाइट लावून.

आवळून झालं की लगेच एक तपासणी करा. क्रँकला पुढे-मागे जी किंचित हालचाल असते, ती बॉक्स लावण्याआधी डायलने मोजून ठेवलेली असावी. बहुतेक इंजिनांत ती ०.१ ते ०.३ मिमी असते. आता पुन्हा मोजा. आकडा तोच आला पाहिजे. कमी झाला असेल तर शाफ्टचं टोक क्रँकला ढकलतंय, आणि इंजिन सुरू केलंत तर थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणारे) खाल्ले जातील.

बॉक्सचं मागचं माउंटिंग लावल्याशिवाय त्याला प्लेटवर लटकू देऊ नका. जिप्सीची ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी) बॉक्सपासून वेगळी आहे, मधला शाफ्ट आखूड आहे. म्हणून बॉक्स मूळ जागी ठेवून इंजिन प्लेटच्या जाडीइतकं पुढे घ्या, नाहीतर त्या शाफ्टचं स्लिप जॉइंट (लांबी कमी-जास्त होऊ देणारा सांधा) आणि क्रॉसचा कोन दोन्ही बिघडतात. रेडिएटरपाशी जागा उरते का ते आधी पाहा.

पहिल्या ५०० किमीनंतर बोल्ट पुन्हा तपासा. प्लेट आणि हाउसिंगच्या सांध्यावर काळी किंवा चमकणारी भुकटी दिसली तर दोन्ही तोंडं एकमेकांवर घासताहेत. नुसतं आवळून गाडी परत चालवू नका. बॉक्स उतरवून डॉवेल ढिले झालेत का ते बघा आणि डायल पुन्हा लावा.