‘चितारी’ला पोर्तुगीज बाप नको!

एका वाचकाचा प्रश्न : ‘चितारी’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिंतार’ (रंगवणे) वरून आला असं गोव्यात ऐकलं, खरं का? आणि चितारी नि चित्रकार यांत फरक काय?

हे ‘पिंतार’ प्रकरण ऐकून ऐकून कान किटले. ‘प’चा ‘च’ कसा झाला, एवढं विचारा. सांगणारा विषय बदलतो. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार. तसाच चित्रकाराचा प्राकृतात चित्तआर आणि पुढे चितार. हिंदीत त्याचाच भाऊ चितेरा. शेवटची ‘ई’ रंगारी-पुजारी यांच्या पंगतीत बसल्यामुळे लागली. संपलं.

पोर्तुगीज धातू वाया मात्र गेला नाही. त्यांच्या ‘पिंतुरा’चं (चित्र) कोंकणीत ‘पिंतूर’ झालं. म्हणजे एकाच वस्तूला तीन शब्द : संस्कृतातलं चित्र, अरबी-फारसीतून आलेली तसबीर आणि लिस्बनहून उतरलेलं पिंतूर. खरी गंमत इथे आहे, आणि तिच्यासाठी सोळाव्या शतकातल्या गोवा शहरात जायला हवं.

१५४७ साली पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याला आधीच्या गव्हर्नरांची चित्रं वाड्यात लावायची हुक्की आली. इतिहासकार गास्पार कोरेया १५१२ पासून हिंदुस्थानात होता, गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कचा कारकून होता. बहुतेकांचे चेहरे त्याला पाठ. कोरेया सांगणार आणि लाकडी फळ्यांवर रंगवणार कोण? इथलाच एक माणूस! पाहणाऱ्याला ओळख पटावी इतकी चित्रं हुबेहूब उतरली, असं कोरेयाच लिहितो. नाव मात्र देत नाही. (स्वतःचं नाव कुठे गाळलं नाही बरं.) ती चित्रं पुढे इतक्या वेळा फिरून रंगवली गेली की मूळ हात शोधणं मुश्किल.

त्याच दशकात पोर्तुगालच्या राजाची वेगळीच तक्रार : हिंदू चितारी येशू-मारियेच्या तसबिरी रंगवून दारोदार विकतात, हे थांबवा. गोव्यातल्या १५६७ च्या ख्रिस्ती धर्मपरिषदेनेही ख्रिस्तेतरांकडून अशी कामं करून घ्यायला मनाई केली. गिऱ्हाईक नसतं तर मनाई कशाला लागली असती? ‘युरोपियनांनी शिकवलं, इथल्यांनी गिरवलं’ असं अजून लिहिणाऱ्या पंडितांनी कोरेयाची नोंद आणि राजाची तक्रार, हे दोन कागद एकदा शेजारी ठेवून वाचावेत. गव्हर्नरचं नाक आणि मारियेचा पदर, दोन्ही रंगवणारा हात इथलाच होता.

आता माझा लाडका तर्क. पटला तर घ्या. कोकणात ‘चितारी’ म्हटलं की लाकूडच का आठवतं? गोव्यातल्या कुंकळ्ळीचे लाखेने रंगवलेले चौरंग, सावंतवाडीची चितारआळी आणि तिथली लाकडी खेळणी. मला वाटतं, चौकटीतलं चित्र ‘पिंतूर’ने पळवलं आणि जुन्या शब्दाच्या वाट्याला पाट-चौरंग उरले. गंमत म्हणजे कास्त्रोची ती पहिली चित्रंही फळ्यांवरचीच!

फरकाचं राहिलंच. व्युत्पत्तीने काही नाही, एकच शब्द आहे. एक तत्सम, दुसरा तद्भव. वापरात चितारी हा परंपरेने लाकूड रंगवणारा कारागीर. आणि हल्ली प्रदर्शनांच्या फलकांवर ‘चितारी पेंटिंग’ लिहितात, ते कृपा करून पुसा. चितारी हा माणूस आहे, शैली नव्हे.