राक्षसगण, शिवगण आणि पंचायत समितीचा गण

कोरेगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "मुलीची पत्रिका राक्षसगणाची निघाली. मुलाकडची मंडळी हसत हसत 'महादेवाच्या भुतांतली दिसतेय' म्हणाली. राक्षसगण आणि शिवाचे गण एकच का? गण म्हणजे भूत का?"

नाही, आणि नाही.

'गण म्हणजे भुतं' हे गेल्या श्रावणात यवतेश्वरला जाताना मी एकाच सोमवारी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकवणारे गृहस्थ कपाळभर भस्म लावून लघुरुद्राला निघाले होते. त्याच रुद्रात 'नमो गणेभ्यो गणपतिभ्यश्च वो नमः' असं येतं. म्हणजे भुतांना नमस्कार करायला चालले होते का हे?

'गण्' म्हणजे मोजणे, आणि त्यावरून गण म्हणजे समूह. गणित, गणती, गणगोत हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. वृत्तांतले आठ गण शाळेत झाले, आणि तमाशातला गण म्हणजे गणपतीचं स्तवन हे पठ्ठे बापूरावांच्या मुलखाशेजारी राहून सांगायला नको. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, गणदेवता, म्हणजे समूहाने येणारे देव दिलेत: आदित्य 12, वसू 8, रुद्र 11, वारे 49. सूर्य आणि वारा गणात बसतात. त्यांना भुतं म्हणून बघा एकदा.

जाता जाता: 'गणानां त्वा गणपतिं हवामहे' ही ऋचा (ऋग्वेद 2.23.1) ब्रह्मणस्पती या वेदातल्या देवाची आहे, गणेशाची नव्हे. तिथे सोंड शोधणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. वरच्या रुद्रात तर 'गणपतिभ्यः' हे अनेकवचन आहे. एकाच वेळी अनेक गणपती, आणि तेही भाद्रपद नसताना.

आता खरी गंमत. शिवाच्या या गणांचं जुनं नाव 'प्रमथ', आणि अमरकोश त्यांच्याबद्दल तीन शब्दांत सांगून मोकळा होतो: 'प्रमथाः स्युः पारिषदाः'. पारिषद! म्हणजे परिषदेतले. परि म्हणजे भोवती, सद् म्हणजे बसणे. भोवती बसलेली मंडळी ती परिषद, आणि तिच्यातला तो पारिषद किंवा पार्षद. 'परि'मधल्या इकारामुळे 'सद्'चा 'स' 'ष' झाला. उपनिषदात तेच झालंय आणि विषादातही. 'संसद' आणि 'प्रसाद' यांत 'स'च्या आधी इकार नाही, म्हणून तो तसाच राहिला. आणि ही बैठक किती ठिकाणी घुसलीय पाहा. मन खाली बसलं की विषाद. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला, पाणी निवळलं, की ते प्रसन्न. प्रसादाचा मूळ अर्थ हा निवळपणाच, शिरा नंतर आला. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी पाहिलेल्याला 'प्रसन्न' हा शब्द वेगळा शिकवावा लागू नये.

तर कैलासावर नुसती गर्दी नव्हती, बैठक होती. कुणी एका पायाचा, कुणी तीन पायांचा, कुणी बिनतोंडाचा, पण भोवती बसायचा हक्क सगळ्यांना. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त संस्कृतच्या मास्तरांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, पारिषद म्हणजे साधा चाकर, 'भोवती घुटमळणारा', आणि मी उगाच त्याला सभासद करतोय. मास्तर, घुटमळणं हा अर्थ 'सद्' धातूत कुठून आला तेवढं दाखवा, मग बोलू. वैकुंठातले जय-विजयसुद्धा पार्षदच. ते दारात उभे असत, हे मास्तरांचं हुकमी पान. पण दारातला शिपाईही सभेचाच असतो की. हिंदीवाल्यांनी तर हाच पार्षद उचलून महापालिकेत बसवला. आपल्याकडे सांगली-मिरज-कुपवाडच्या महापालिकेत तो 'नगरसेवक' झाला, म्हणजे मास्तरांचा चाकर. कोणाचा अर्थ खरा, हे निकालानंतर वर्षभराने मतदारांना विचारावं.

आणि हे आपल्या गावच्या निवडणुकीत कोणाच्या लक्षात येत नाही याचं मला फार वाईट वाटतं: जिल्हा परिषदेच्या मतदारसंघांना गट म्हणतात आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांना गण. 'अमुक गणातून लोकप्रिय उमेदवार' असा फलक, आणि शेजारच्या फलकावर परिषद! अमराने 'प्रमथ' आणि 'पारिषद' म्हणून एका ओळीत जोडलेली ही जोडी आमच्या एस.टी. स्टँडबाहेर एकाच बांबूला बांधलेली असते.

'प्रमथ' शब्दात दरारा आहे, हे कबूल. 'मथ्' म्हणजे घुसळणे. गीतेत अर्जुन मनाला 'प्रमाथि' म्हणतो, तोच धातू. घुसळून काढणारे, पण कोणाला, ते बघा. शिवाच्या वैऱ्यांना. पत्रिका घेऊन आलेल्या वधूपित्याला नव्हे.

राहिलं भूत. 'भू'पासून भूत: जे झालं, जे आहे ते. पंचमहाभूतं, भूतदया, भूतकाळ. पसायदानात 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें' म्हणतो तेव्हा आपण पिंपळावरच्यांची दोस्ती मागत नाही. शिव भूतनाथ आहे तो या अर्थानेही. आता माझा एक तर्क, कोशात शोधू नका. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून भुतोजी तेल्यांची कावड चढते. त्या नावाला लोक दगडू-धोंडूच्या रांगेत बसवतात, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं ओंगळ नाव म्हणून. मला वाटतं ते सरळ भूतनाथाचं नाव आहे, जसं शंभूवरून संभाजी. शंभू महादेवाच्या डोंगरावर पाणी वाहून नेणाऱ्याच्या घरात मुलाला भूतनाथाचं नाव ठेवावंसं वाटलं नसेल?

हां, ताई, तुमची पत्रिका. तिचा कैलासाशी संबंध नाही. 27 नक्षत्रं देव, मनुष्य, राक्षस अशा तीन गणांत नऊ-नऊ वाटलीत, एवढंच. मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा ही राक्षसगणात येतात. त्या नक्षत्रांवर जन्मलेल्या किती मुली या जिल्ह्यात सुखाने नांदताहेत ते आपापल्या घरात मोजा. शिवाय 'राक्षस' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हेही सांगा की अमरकोशाने रक्षस् देवयोनींत घातलेत, गंधर्व आणि सिद्धांच्या पंगतीला. आणि रावण-कुंभकर्ण कोण होते? शापाने खाली आलेले जय-विजय, वैकुंठाचे पार्षद!

गुणमेलनात 36 पैकी गणाचे गुण 6. मुलाची पत्रिका मागवून घ्या. तोही राक्षसगणाचा निघाला तर सहापैकी सहा मिळतात, हे त्या हसणाऱ्या मंडळींना कोणी सांगितलेलं दिसत नाही.